अपंगत्वांविषयीचं कपाट: पालक-शिक्षकांसाठी काय ठेवावं, काय काढून टाकावं?

खडूफळा

पहिली ते सातवीच्या शाळेत मुलांच्या अपंगत्वांविषयी माहितीचं एक कपाट लावायचं आहे. अर्धं शिक्षकांसाठी, अर्धं पालकांसाठी. मुलांमध्ये स्वमग्नता असलेली, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेलं एक, श्रवणयंत्र लावणारी दोन, अल्पदृष्टी असलेलं एक, आणि वाचनात अडणारी पण निदान न झालेली काही, अशी सगळी आहेत.

आतापर्यंत गोळा झालेल्यात जाडजूड पुस्तकं, कार्यशाळांची टाचणं आणि फोनवर फिरणाऱ्या पीडीएफ आहेत. जवळपास सगळ्यांत व्याख्या, कारणं, प्रकार. शिक्षक पहिलं पान वाचून परत ठेवतात. म्हणून विचारतो: साहित्य चाळायचं कोणत्या कसोटीवर? मोफत आणि भरवशाचं काय आहे? आणि शाळेत स्वतः करायचं साहित्य नेमकं कसं करायचं? कृपया मापं, पायऱ्या, काय बिघडतं ते सांगा. "मुलाला समजून घ्या" हे सगळ्यांना पाठ आहे.

---

मधली सुट्टी

सगळ्यात आधी कपाटाचे कप्पे निदानाप्रमाणे लावू नका. 'सेरेब्रल पाल्सी' असा कप्पा केलात तर त्यात काय ठेवणार? हालचालींच्या क्षमतेची १९९७ पासून वापरात असलेली पाच पातळ्यांची वर्गवारी पाहा. पहिल्या पातळीवरचं मूल कठडा न धरता जिना चढतं, पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. निदान एकच, पण वर्गातली सोय एकाची दुसऱ्याला उपयोगाची नाही.

कप्प्यांवर कामं लिहा: बसणं-चालणं, ऐकणं, पाहणं, सांगणं-समजणं, वाचन-लेखन, गोंधळ-चिडचिड, स्वतःचं स्वतः आवरणं. शिक्षकाला निदानाचं नाव माहीत नसतं, पण "हे मूल फळ्यावरचं उतरवत नाही" हे दिसत असतं. तो तिथूनच शोधायला लागतो. शिवाय तुमची निदान न झालेली मुलंही यात बसतात. युनिसेफ आणि वॉशिंग्टन गटाने (अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) २०१६ मध्ये आणलेली मुलांसाठीची प्रश्नावलीही याच अंगाने जाते. २ ते ४ आणि ५ ते १७ वर्षं असे तिचे दोन संच आहेत, आणि "पाहायला, ऐकायला, चालायला, शिकायला किती अडचण येते" असं ती विचारते. ती निदानासाठी नाही, एवढं मात्र तिच्यावर ठळक लिहून ठेवा. नाहीतर कोणीतरी गुण मोजून मुलाला लेबल चिकटवतं.

चाळणी अशी लावा. पुस्तिका मधूनच कुठेही उघडा. त्या पानावरून उद्या दुसऱ्या तासाला काय वेगळं करायचं ते कळतं का? सलग तीन पानांवर कळलं नाही तर ती पुस्तिका खालच्या फळीवर. "पूर्ण बरं", "शरीरातली विषं काढा", "अमुक दिवसांत बोलू लागेल" असं काही दिसलं तर कपाटाबाहेर. मतिमंद, वेडसर असे शब्द असलेलं जुनं साहित्य पालकांच्या बाजूला नकोच. बौद्धिक अक्षमता हा शब्द आता रुळला आहे.

वाढीच्या टप्प्यांचे तक्ते लावणार असाल तर एका वेळी एकच लावा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपली यादी बदलली. नव्या यादीत त्या वयाच्या ७५ टक्के किंवा जास्त मुलांना जमतं तेच घेतलं आहे. जुन्या याद्यांत बरंच काही निम्म्या मुलांना जमणारं असायचं. दोन्ही शेजारी टांगलेत की एका तक्त्यात मूल मागे आणि दुसऱ्यात वेळेवर, आणि पालक घाबरून घरी जातात.

मोफत साहित्यात तीन गोष्टी नक्की घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचं काळजीवाहकांसाठीचं कौशल्य प्रशिक्षण हे २ ते ९ वयाच्या, विकासात मागे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आहे. त्यात ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी आहेत. पुस्तक म्हणून वाचायला ते रुक्ष वाटेल, कारण ते पालकगट घेणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. दुसरं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकगटांसाठी लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने तयार केलेलं साहित्य. बसवणं, भरवणं, खेळ, रोजची कामं अशी प्रकरणं आणि भरपूर चित्रं. तिसरं, डेव्हिड वर्नर यांचं 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन', १९८७ चं. शब्द जुने झालेत, औषधोपचाराच्या भागावर विसंबू नका. पण पुठ्ठा, लाकूड, दोरी वापरून साधनं कशी करायची याची रेखाटनं आजही तोडीस तोड आहेत. ती पानं तेवढी वेगळी काढून बसणं-चालणंच्या कप्प्यात ठेवा.

---

कानमंत्र

ऐकण्याच्या कप्प्यात दुसरं काही नसलं तरी चालेल, पण सहा ध्वनींची रोजची तपासणी एका कार्डावर हवीच. तिला लिंग (Ling, हे आडनाव) यांची तपासणी म्हणतात. ध्वनी: म, ऊ, आ, ई, श, स. म सगळ्यात खालच्या पट्टीतला, स सगळ्यात वरच्या; सहा मिळून बोलण्याचा जवळजवळ सगळा पट्टा व्यापतात. दोन मिनिटांचं काम, पहिल्या तासाआधी.

आपल्याकडे ही तपासणी एका बारीक गोष्टीमुळे फसते. आपण 'स' म्हणतो तेव्हा त्यात 'अ' मिसळलेला असतो. मूल तो 'अ' ऐकून 'ऐकू आलं' अशी खूण करतं आणि आपल्याला वाटतं स ऐकू आला. म्हणून ओठ मिटून नुसता "म्म्म", दातांतून हवा सोडत नुसता "स्स्स", तसाच "श्श्श". स्वर मात्र लांबवायचे: आऽऽ, ईऽऽ, ऊऽऽ.

उभं राहायचं मुलाच्या बाजूला, थोडं मागे, म्हणजे तोंड दिसणार नाही. तोंडासमोर हात किंवा वही धरू नका. स आणि श तिथेच अडतात. आधी १ मीटरवरून, मग ३ मीटरवरून. आवाज रोजच्या बोलण्याइतका. ध्वनींचा क्रम रोज बदलायचा, आणि मधली शांतता कधी २ सेकंद, कधी ८. ठरावीक लय धरली की मूल लयीवर उत्तर देतं, ऐकून नाही. लहान मूल ऐकू आलं की डब्यात मणी टाकेल, मोठं मूल ध्वनी परत म्हणेल. परत म्हणून घेणं जास्त चांगलं, कारण श ऐवजी स म्हटला की काय चुकतंय ते कळतं. दोन यंत्रं असतील तर एक बंद करून प्रत्येक कान वेगळा.

निकाल वाचायचा कसा? कालपर्यंत सगळे सहा येत होते आणि आज एकही नाही: सेल संपलाय, सेल उलटा बसलाय किंवा यंत्र बंद आहे. स-श गेले, बाकी आहेत: मोल्डच्या (यंत्राचा कानात बसणारा साचा) भोकात मळ, नळीत दमट थेंब किंवा सेल उतरत आलाय. काही मुलांना यंत्र लावूनही ३ मीटरवर स कधीच येत नाही. ती त्यांची नेहमीची मर्यादा असू शकते. म्हणून पहिल्या आठवड्याची नोंद ठेवा आणि रोजची तुलना तिच्याशी करा, शेजारच्या मुलाशी नाही. बदल टिकला तर नोंदीसकट श्रवणतज्ज्ञाकडे.

शिट्टी वाजत असेल तर मोल्ड नीट बसलेला नाही, कानात मळ आहे किंवा मूल वाढलंय आणि मोल्ड लहान पडतोय. आवाज कमी करून शिट्टी थांबवू नका. शिट्टीबरोबर ऐकूही येईनासं होतं.

श्रवणयंत्राच्या जस्त-हवा सेलवरचा चिकट कागद काढला की मिनिटभर तरी उघडा ठेवा, मग बसवा. कागद परत चिकटवून सेल वाचत नाही. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय.

आणि बसण्याची जागा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवरून ४ मीटरवर गेलात की १२ गेले, आणि वर्गाचा गलबला तसाच. श्रवणयंत्र तो गलबलाही मोठा करतं. पहिला बाक, बाजूचा, जिथून वळून इतर मुलांचे चेहरे दिसतील. शिक्षकाच्या पाठीमागे खिडकी नको, तोंड काळवंडतं. ओरडून बोलू नका; ओठांचा आकार बिघडतो आणि ओठ वाचता येत नाहीत.

---

पाठकणा

बसण्याचं कार्ड करताना चित्राखाली मापं घ्यायची पद्धत लिहा, तयार मापं नको. मूल सहा महिन्यांत वाढतं.

शाळेचे बूट घालून मोजायचं. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचं अंतर ही आसनाची उंची. पाय लोंबकळत असतील तर खाली ठोकळा किंवा जुन्या कागदांचे घट्ट बांधलेले गठ्ठे, पण पूर्ण तळवा टेकेल इतके रुंद. पाठीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतच्या अंतरातून दोन-तीन बोटं वजा केली की आसनाची खोली. टेबल कोपराच्या उंचीवर किंवा जेमतेम वर.

सगळ्यात जास्त चूक आसनाच्या खोलीत होते. बाक खोल असला की मूल पाठ टेकवायला पुढे घसरतं, कमरेवर न बसता माकडहाडावर बसतं, हनुवटी वर जाते आणि हात टेबलापर्यंत पोचतच नाहीत. मग शेरा पडतो की लिहायचा कंटाळा करतो. पाठीमागे घट्ट फोमचा तुकडा सरकवा. मऊ उशी नको, ती दबते. पट्टा लागत असेल तर तो पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडाखालून, मांडीच्या खोबणीतून तिरका खाली ओढलेला हवा. छातीवरून आधी पट्टा लावायची घाई करू नका. कंबर स्थिर झाली की छातीचा झोल पुष्कळदा आपोआप कमी होतो.

टेबलावर २० अंशांच्या आसपास उतार. जाड कडेची फाईल आडवी ठेवली तरी भागतं. खाली न घसरणारी जाळी हवी.

एकाच स्थितीत तासन्‌तास नको. दर ३०-४० मिनिटांनी स्थिती बदलायची, हे कार्डावर मोठ्या अक्षरात. उत्तम बसवलेलं मूलसुद्धा तसंच ठेवलं की दुखतं. खास खुर्ची, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी कडक पट्टी) असेल तर मापं फिजिओथेरपिस्टनेच ठरवायची.

---

रेघोटी

छापील साहित्याबद्दल. अल्पदृष्टीसाठी अक्षराचा आकार १८ पॉइंट असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ते रोमन लिपीच्या हिशोबाने आहे. आपल्या शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, अनुस्वार दाटीने बसतात. २० ते २२ पासून सुरुवात करा, ओळींमधलं अंतर दीडपट, सरळ जाडसर टंक, चकचकीत नसलेला कागद. तपासायला लांबलचक उतारा नको. बेल–बैल, रग–रंग, पिता–पीत असे शब्द वेगवेगळ्या आकारांत छापा. जिथे मूल एकही चूक न करता, न मिचमिचता वाचतं, त्याच्या एक आकार वरचा धरा.

ए४ पान ए३ वर मोठं करणं हा सोपा उपाय वाटतो. त्याने लांबी १४१ टक्के होते, म्हणजे १२ पॉइंटचे जेमतेम १७. आणि पान टेबलाबाहेर जातं, ओळ शोधताना मूल हरवतं. मजकूर पुन्हा टाइप करून मोठा छापणंच बरं.

खडूफळा

अगदी हवं होतं ते मिळतंय. स्वमग्नतेच्या कप्प्यासाठी (बरं, 'सांगणं-समजणं' कप्प्यासाठी!) दृश्य वेळापत्रक करून भिंतीवर लावलं आहे, नऊ कार्डांचं. मूल एकतर बघत नाही, नाहीतर कार्डं फाडतं. आणि एका पालकांचं म्हणणं, चित्रं दिली तर बोलणं कायमचं मागे पडेल.

रेघोटी

नऊ कार्डं फार झाली. दोनवर या: 'आधी' आणि 'मग'.

त्याआधी चित्राची पातळी तपासा. टेबलावर प्याला, चेंडू, चमचा ठेवा. प्याल्याचा फोटो हातात द्या आणि जुळवायला सांगा. जुळत नसेल तर त्या मुलाला फोटो हा नुसता गुळगुळीत कागद आहे. मग खरी वस्तूच कार्ड: पाणी प्यायला जायचं तर प्याला, मैदानावर जायचं तर चेंडू. क्रम असा: वस्तू, फोटो, रेखाचित्र, शब्द. शब्द मात्र पहिल्या दिवसापासून चित्राखाली लिहिलेला असू द्या.

कार्ड ७ × ७ सेंमी. फोटो मुलाच्याच वर्गातल्या वस्तूचा, मागे कोरी भिंत. लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत असेल तर दिव्याचा उजेड पडून चित्रच दिसत नाही. कोपरे गोल कापा. वेल्क्रोची मऊ बाजू कार्डाला, खरखरीत पट्टीला, आणि हे साऱ्या शाळेत एकसारखं, नाहीतर एका वर्गाची कार्डं दुसरीकडे चिकटत नाहीत. पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तक्त्यांच्या गर्दीत नाही. शेजारी 'झालं' लिहिलेलं पाकीट. काम संपलं की कार्ड मुलाने स्वतः काढून पाकिटात टाकायचं. हे शिक्षकच करत असतील तर ते वेळापत्रक शिक्षकांचं आहे.

फाडण्याबद्दल: चार दिवस फक्त नोंद ठेवा की कोणतं कार्ड, कधी. नेहमी तेच कार्ड फाटत असेल तर मूल नकार सांगतंय. त्याला 'नको' आणि 'थोडं थांबू' अशी दोन कार्डं द्या आणि ती दाखवल्यावर पहिले काही दिवस तरी माना. कोणतंही कार्ड कडेपासून सोललं जात असेल तर त्याला सोलण्यात मजा आहे; जाड लॅमिनेशन करा आणि सोलायला दुसरं काहीतरी द्या. लांब पट्टी समोर आली की फाडत असेल तर ती लांबीच जड होतेय.

'मग'मध्ये मुलाच्या आवडीचं असायलाच हवं. पट्टीवर नुसतीच कामं असली की कोण बघेल? कार्ड फक्त आरडाओरडा सुरू झाल्यावर दाखवलं तर ते धाक दाखवायचं साधन बनतं. 'बदल' असं वेगळं कार्ड ठेवा, आणि ते आधी आनंदाच्या बदलासाठी वापरा: गणिताऐवजी झोपाळा. तिथे सवय झाली की मग नावडत्या बदलाला. आणि "आता त्याला पाठ झालंय" म्हणून पट्टी काढू नका. आपल्याला वेळ कळतो म्हणून कोणी आपलं घड्याळ काढून घेत नाही.

बोलण्याचं: चित्रं किंवा खुणा दिल्याने बोलणं खुंटतं असं संशोधनात आढळलेलं नाही, काही मुलांत ते वाढलेलं दिसलं आहे. पालकांना एवढं सांगा की बोलणं थांबवून कार्डं द्यायची नाहीत, कार्ड दाखवताना शब्दही म्हणायचा.

मधली सुट्टी

रेघोटींच्या म्हणण्याला एक जोड. मागण्यासाठी चित्र देवाणघेवाण शिकवणार असाल (पेक्स, १९८५ पासून, सहा टप्पे) तर पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर वस्तू धरून, दुसरं मुलाच्या मागे, तोंड बंद. मागचा फक्त हाताला दिशा देतो. समोरच्याने "काय हवंय?" विचारायचं नाही, कार्ड हातात पडलं की लगेच वस्तू द्यायची आणि तिचं नाव घ्यायचं. आधी प्रश्न विचारायची सवय लागली की मूल प्रश्नाची वाट बघत बसतं, आपणहून मागत नाही. एकट्याने सुरू केलेलं पेक्स बहुतेक इथेच अडकतं.

'स्वतःचं आवरणं'साठी उलट्या क्रमाने शिकवण्याचं एक कार्ड ठेवा. जॅकेटची चेन घ्या. टोक अडकवणं, खालचं कापड धरणं, खेचणं, शेवटपर्यंत नेणं. आधीचं सगळं तुम्ही करा, शेवटचे ५ सेंमी मुलाला खेचू द्या. चेन बंद झाल्याची टक्क त्याच्या हातून होते. सलग तीन दिवस जमलं की १० सेंमी, मग अर्धी, सगळ्यात शेवटी टोक अडकवणं. चेनच्या पकडीत बोट जाईल इतका दोरीचा फास बांधा. सूचना दिल्यावर मनात पाच आकडे मोजून मगच मदत. बहुतेक मोठी माणसं दोनवरच हात घालतात.

---

शाईदौत

वाचनाच्या कप्प्याबद्दल थोडक्यात. रंगीत चष्मे, रंगीत पारदर्शक कागद वाचन-अक्षमतेवर उपाय म्हणून ठेवू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात त्यांना आधार नसल्याचं सांगितलं आहे. "अक्षर उलटं काढतो म्हणजे डिस्लेक्सिया" हे वाक्य असलेली पत्रकंही काढा. लहान वयात बरीच मुलं उलटं काढतात.

त्याऐवजी ध्वनींच्या खेळांचं एक पान, कागद-पेन्सिलीशिवाय. 'कमळ'मधला क काढला तर? मळ. शेवटचा ळ काढला तर? कम. मधला काढला तर? कळ. मधलं सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी. मग मात्रा बदला: काका, काकी, काकू. इथे अडणाऱ्या मुलाला पुन्हा पुन्हा उतारा लिहायला देऊन काही होत नाही.

पहिल्या वेलांटीवर वेगळं काम लागतं: 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल तिथेच चुकतं. वेलांटी आणि अक्षर एकाच रंगाच्या चौकटीत टाका, दोन्ही मिळून एकच चित्र म्हणून दाखवा. जोडाक्षरं त्यानंतर, आणि आधी सुटी लिहून: प-क्-का, मग पक्का.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: एखाद्या मुलाविषयीचं पान कपाटात ठेवावं का? बदली शिक्षक आले की त्यांना काहीच ठाऊक नसतं.

मधली सुट्टी

कपाटात नको, ते सगळ्यांना उघडं असतं. वर्गशिक्षकांच्या बंद फाईलमध्ये, पालकांच्या संमतीने, एकच पान. वर निदान लिहू नका. सहा ओळी पुरेत: मला काय आवडतं, मी 'हो' आणि 'नको' कसं सांगतो, मला काय लावायला-वापरायला लागतं, काय झालं की मी बिथरतो, बिथरल्यावर काय केल्याने बरं वाटतं, आणि तातडीच्या वेळी काय. फिट येणारं मूल असेल तर या शेवटच्या ओळीत: घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, ५ मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर रुग्णवाहिका. खाली तारीख टाका आणि दर सत्राला मुलासमोर बसून पान नव्याने लिहा. बोलता येणारं मूल असेल तर पहिल्या दोन ओळी त्यालाच सांगू द्या.